तीन जॉचा चक आऊट मारतोय: दोष कुठे आहे ते स्पिंडलपासून शोधा

चकच्या तीन जबड्यांत (जॉमध्ये) पकडलेला जॉब फिरताना मध्यातून सरकलेला दिसतो, त्याला आऊट म्हणतात. छोट्या लेथवर काम करणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली आहे. नवा चक घेतला, बॅकप्लेटवर (चक आणि स्पिंडल यांना जोडणाऱ्या चकतीवर) बसवला, बोल्ट आवळले, २० मि.मी.चा रॉड पकडून डायल (काट्याचं मापक) लावला आणि काटा ०.१५ मि.मी.ने हलला. चक काढून परत बसवला तर ०.०८. पुन्हा काढून बसवला तर ०.२०. मग दुकानदाराशी वाद, दुसरा चक, आणि त्याचंही तेच रडगाणं.

अशा तक्रारींत चक स्वतः खराब निघतो तो फार थोड्या वेळा. बहुतेकदा खोट चकच्या मागे असते: स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) तोंडावर, बॅकप्लेटच्या फेसवर (सपाट तोंडावर), किंवा दोन्हींच्या मध्ये अडकलेल्या केसाएवढ्या चिपमध्ये. म्हणून आऊट शोधायचा तो स्पिंडलकडून जॉबकडे येत. थेट जॉबवर डायल लावून चकला दोष देणारा माणूस सगळ्या चुकांची बेरीज वाचत असतो, त्यातली कोणती कुणाची ते त्याला कळत नाही.

आधी, किती आऊट म्हणजे आऊट?

८० ते १२५ मि.मी.च्या साध्या स्क्रोल चकमध्ये (यात स्क्रोल नावाची सर्पिल आट्याची चकती तिन्ही जॉ एकत्र सरकवते), जॉच्या तोंडाजवळ डायलवर ०.०५ ते ०.०८ मि.मी. दिसणं ठीक आहे. ०.०३ मिळालं तर चक चांगला लागला म्हणायचा. शून्याची अपेक्षा या चककडून करू नये. स्क्रोलचा प्रत्येक वेढा, प्रत्येक जॉचे दाते, पिनियनची (चावीने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची) ढिलाई हे सगळं त्या आकड्यात येतं.

डायलवरचा आकडा मध्य सरकल्याच्या दुप्पट असतो, हेही ध्यानात ठेवा. काटा एकूण ०.१० हलला तर जॉबचा मध्य ०.०५ नेच बाजूला आहे. सुधारणा करताना नेहमी निम्म्याने करायची ती यामुळे.

आणि एका सेटिंगमध्ये टर्निंग, फेसिंग, बोअर सगळं उरकून पार्टिंग मारणार (जॉब कापून वेगळा करणार) असाल, तर चक ०.२० आऊट असला तरी जॉब गोलच निघतो आणि बोअर बाहेरच्या व्यासाशी मध्यात राहतो. आऊटचा त्रास होतो तो जॉब उलटा करून पुन्हा पकडला की, किंवा तयार ग्राउंड शाफ्ट पकडून त्याच्यावर काम करायचं असेल की. तुमचं काम यांपैकी नसेल तर चकच्या मागे लागू नका.

तपासायला काय लागतं

०.०१ चा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड. डायलची दांडी जॉबच्या मध्याच्या उंचीवर आणि त्याला काटकोनात असावी. तिरकी लागली की वाचन फसतं.

टेस्ट बार म्हणून ब्राईट बार वापरू नका. तो ओढून काढलेला असतो, पुरेसा गोल आणि सरळ असेलच असं नाही. डॉवेल पिन, सिल्व्हर स्टीलचा ग्राउंड रॉड, किंवा लिनिअर बेअरिंगसाठी मिळणारा हार्ड क्रोमचा शाफ्ट उत्तम. स्वस्तात काम भागवायचं तर ऑटो स्पेअर्सच्या दुकानातून पिस्टनची नवी गजन पिन आणा: कडक, ग्राइंड केलेली आणि भरवशाची गोल. मात्र ती आखूड असते, जॉपासून लांबचं वाचन घ्यायला वरच्यांपैकी एखादा रॉड लागेलच. तो जाड काचेवर घरंगळवून पाहा. वाकडा असेल तर खालून उजेडाची फट उघडमीट करते.

तपासणी करताना मशीनचा प्लग काढून ठेवा आणि चक हातानेच फिरवा. पट्टा सैल केला तर फिरवणं हलकं होतं.

लक्षणावरून अंदाज

रॉडवर दोन जागी डायल लावा: एकदा जॉच्या तोंडाला लागून, एकदा तिथून १०० मि.मी. पुढे. प्रत्येक वेळी आकड्याबरोबर उंच बिंदू कोणत्या जॉसमोर येतो ते मार्करने चकवर खुणा करून लिहा. ही दिशा लिहिण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि खरी माहिती तीच देते.

दोन्ही जागी आकडा सारखा आणि दिशाही तीच, तर चक सरळ बसलाय पण मध्यातून सरकलाय. बॅकप्लेटचा स्पिगॉट (चकमागच्या खाचेत बसणारा गोल उंचवटा) किंवा स्क्रोल, यांपैकी एकाचं काम.

पुढे जाताना आकडा वाढत असेल तर चक किंवा जॉब तिरका आहे. फेसमागे चिप, बॅकप्लेटचा फेस वाकडा, किंवा जॉ तोंडाशी फाकलेले.

रॉड सोडवून चकमध्येच अर्धा फेरा फिरवून पुन्हा पकडा. उंच बिंदू रॉडबरोबर फिरला तर रॉडच वाकडा. चकबरोबर त्याच जॉसमोर राहिला तर दोष चकमध्ये किंवा मागे.

रॉड पाच-सहा वेळा सोडून पकडल्यावर दर वेळी उंच बिंदू त्याच जॉसमोर येत असेल तर आनंद माना. ही चूक कायमची आहे, म्हणजे काढता येते. बिंदू भटकत असेल तर घाण, बर (धातूची उचललेली बारीक कड) किंवा झीज शोधा. भटकणारा आऊट ठोकून किंवा जॉ ग्राइंड करून जात नाही.

पकडताना बदलत नाही, पण चक काढून बसवला की बदलतो? मग बसकच (चक जिथे टेकतो ती जागा) दोषी.

स्पिंडल

चक आणि बॅकप्लेट दोन्ही उतरवा. स्पिंडलच्या तोंडावर तीन वाचनं घ्या: रजिस्टरच्या (चकला मध्यात धरणाऱ्या गोल भागाच्या) गोलाईवर, फेसवर आणि आतल्या टेपरमध्ये. रजिस्टर आणि फेस ०.०१ च्या आत हवेत. ०.०२ च्या वर असेल तर पुढचं काही करण्याआधी बेअरिंग पाहा. स्पिंडलच्या भोकात जाड रॉड घालून तो हाताने वरखाली उचलताना रजिस्टरवरचा डायल ०.०२ पेक्षा जास्त हलत असेल तर प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) सैल आहे. सात इंची चिनी मिनी लेथवर सहसा ६२०६ ची साधी बॉल बेअरिंग येतात. त्यांना प्रीलोड फार सोसत नाही, म्हणून पुष्कळ जण ३०२०६ टेपर रोलर घालतात. तो वेगळा विषय आहे, इथे इतकंच की स्पिंडल डुगडुगत असेल तर चकवर खर्च करू नका.

बसक साफ करणं

या पायरीला पाच मिनिटं लागतात आणि पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. तरीही सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच.

स्पिंडलचा फेस, रजिस्टर, चकमागची खाच आणि बोल्टची भोकं रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने धुवा. कापडाने पुसून वरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी बर बोटाला कळते. बर सापडली की बारीक ऑइल स्टोन तेल लावून फेसवर सपाट फिरवा. कानस लावू नका. बोल्टच्या भोकांच्या तोंडाशी आटे पाडताना उचललेला धातू हमखास असतो. तिथे काउंटरसिंकने अर्धा मि.मी. चॅम्फर (तिरकी कड) मारा.

चिप अडकली होती का, हे चक उतरवताक्षणी, पुसण्याआधी पाहिलं तर फेसच वाचून दाखवतो. दाबली गेलेली चिप बिडाच्या मंद राखाडी फेसवर बाजरीच्या दाण्याहून लहान असा चकचकीत ठिपका सोडते, आणि समोरच्या बाजूला तेलाची फिल्म न दाबता जशीच्या तशी राहिलेली असते.

एवढ्याशा चिपने काय बिघडतं, याचा हिशेब करून पाहा. ८० मि.मी.च्या फ्लँजच्या कडेला ०.०५ जाडीची चिप अडकली की चक ८० मध्ये ०.०५ ने तिरका होतो. फेसपासून १०० मि.मी. पुढे मध्य ०.०६ ने सरकतो आणि डायल त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ ०.१२५ दाखवतो. तुमचा सगळा आऊट एका चिपमध्ये बसतो.

बसवताना पातळ तेलाचं बोट फिरवणं पुरे. ग्रीस नको, कागदाचा वॉशर तर नकोच. स्पिंडल आणि चक दोन्हींवर एक-एक ठिपका पंच करून ठेवा आणि नेहमी ठिपक्याला ठिपका जुळवून बसवा.

बॅकप्लेट: मुख्य गुन्हेगार

चक दुकानातून आणला आणि तयार बॅकप्लेट बोल्ट लावून बसवली, इथेच खेळ बिघडतो. तयार बॅकप्लेट दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर टर्न केलेली असते. तिचा फेस आणि स्पिगॉट तुमच्या स्पिंडलवर, शेवटच्या बैठकीत, न उतरवता टर्न व्हायला हवेत. याला पर्याय नाही.

चकमागची मापं घरच्या कामात नेहमी लागतात. बाजारात के११ या नावाने मिळणाऱ्या तीन जॉच्या चकमध्ये ८० मि.मी.ला मागची खाच ५५, बोल्ट ६६ च्या वर्तुळावर, तीन एम६ (६ मि.मी. व्यासाचे). १०० ला ७२ आणि ८४, तीन एम८. १२५ ला ९५ आणि १०८, तीन एम८. १६० ला १३० आणि १४२, तीन एम८. तरी हातातला चक मोजूनच काम करा. सात इंची मिनी लेथच्या स्पिंडलवर ५५ चं रजिस्टर आधीच असतं, त्यामुळे ८० चा चक बॅकप्लेटशिवाय थेट बसतो. १०० चा घालायचा तर मध्ये प्लेट लागते.

प्लेटसाठी ग्रे बिडाचं कास्टिंग घ्या. वरची कातडी वाळूची आणि कडक असते, म्हणून पहिला कट कातडीच्या खाली, दीड मि.मी.चा घ्या, वरवर खरवडलं की टूलची धार पहिल्याच फेऱ्यात जाते. बीड कोरडंच कापायचं, कूलंट नको. १०० मि.मी. व्यासाला एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने ६० ते ६५ आरपीएम, कार्बाइडने २०० च्या आसपास. काळी भुकटी बेडवर पडून सॅडलखाली जाते आणि लॅपिंग पेस्टचं काम करते. आधी बेडवर कागद पसरा, नंतर व्हॅक्यूमने ओढा, एअर गनने उडवू नका.

आधी स्पिंडलकडची बाजू आणि बोअर पूर्ण करा, मग प्लेट स्पिंडलवर चढवून चककडची बाजू घ्या. या बाजूला चार गोष्टी पाहायच्या.

एक, चक टेकायला हवा तो बाहेरच्या कडेच्या फेसवर. स्पिगॉटची उंची चकच्या खाचेच्या खोलीपेक्षा अर्धा मि.मी. कमी ठेवा. स्पिगॉट उंच राहिला तर चक त्याच्या डोक्यावर बसून डुलतो, आणि बोल्ट कितीही आवळले तरी प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो.

दोन, स्पिगॉट आणि फेसच्या कोपऱ्यात एक मि.मी.ची खाच मारा. टूलच्या नाकाची गोलाई तिथे उरली तर चकच्या खाचेची कड तिच्यावर चढते.

तीन, फेस किंचित आत खोलगट, म्हणजे मध्याकडे ०.०१ ते ०.०२ ने खाली चालेल. फुगीर अजिबात चालणार नाही. स्टीलपट्टीची धार फेसवर आडवी ठेवून मागे बॅटरी धरा: उजेड मध्यातून दिसला तर ठीक, कडांतून दिसला तर पुन्हा फेसिंग.

चौथी गोष्ट स्पिगॉटच्या फिटची, आणि इथे दोन मतं आहेत. एक म्हणतं घट्ट फिट द्या, खाचेपेक्षा ०.०१ कमी. दुसरं म्हणतं व्यासावर ०.१५ ते ०.२५ कमी ठेवा आणि चक ठोकून मध्यात आणा. कारखान्यात, जिथे जाड इंटरप्टेड (मध्ये मध्ये तुटणारे) कट घेतले जातात, तिथे घट्ट फिटच बरोबर. सैल स्पिगॉटवर चक फक्त बोल्टच्या घर्षणावर धरलेला असतो आणि टूल अडकलं तर सरकतो. घरच्या हलक्या कामाला मात्र सैल फिट घ्यावा असं आमचं मत आहे. घट्ट फिट स्क्रोलची चूक कायमची डोक्यावर बसवतो. सैल फिट ती काढू देतो. त्यासाठी एम८ बोल्टची भोकं ९ मि.मी.ची ड्रिल करा, नाहीतर चक सरकायला जागाच राहत नाही.

ठोकून मध्यात आणणं

बोल्ट बोटाने आवळून वर पाव फेरा द्या. ज्या मापाचं काम जास्त करता त्या मापाचा टेस्ट बार पकडा. डायल जॉच्या तोंडाजवळ लावा, चक हाताने फिरवून उंच बिंदू शोधा आणि तो समोर आणा. डायल मागे घ्या आणि चकच्या बॉडीवर, उंच बाजूने, तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने हलकं ठोका. फरकाच्या निम्मं सरकवायचं. ०.०२ च्या आत आलं की तिन्ही बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा. एम६ ला साधारण १०, एम८ ला २५ न्यूटन-मीटर. आवळताना चक पुन्हा हलतो, म्हणून शेवटी परत वाचन घ्या.

मिनी लेथवर चक आवळायचे नट फ्लँजच्या मागे, हेडस्टॉकच्या भिंतीला लागून असतात आणि तिथे पाना जेमतेम आठवा भाग फेरा फिरतो. खाली कापड पसरा. नट सटकला की तो सरळ चिप ट्रेच्या गाळात किंवा लीड स्क्रूच्या मागे जातो.

ठोकण्याने फक्त बाजूला सरकलेला मध्य सुधारतो. १०० मि.मी. पुढे आकडा वाढत असेल तर तिरकेपणा आहे. परत फेसकडे जा.

चक बसवल्यावर चावी जड फिरू लागली तर दोन शक्यता. बोल्ट लांब आहेत आणि आत जाऊन तळाला किंवा स्क्रोलला टेकतात. बिडात व्यासाच्या दीडपट आटे पुरतात, म्हणजे एम८ ला १२ मि.मी. पुरे. दुसरी शक्यता, बॅकप्लेटचा फेस वाकडा आहे आणि आवळल्यावर चकची बॉडीच पिळली जाते. बोल्ट सैल केल्यावर चावी मोकळी झाली तर यांपैकीच एक.

आट्यांचं आणि कॅमलॉकचं स्पिंडल

जुन्या बेंच लेथवर चक आट्यांवर चढतो. मायफर्डच्या सेव्हन मालिकेवर १ १/८ इंच, इंचाला १२ आटे. आपल्याकडच्या जुन्या मशीनवर मापं इतकी वेगवेगळी दिसतात की थ्रेड गेज लावल्याशिवाय बॅकप्लेट मागवू नये. इथे आटे फक्त ओढून धरतात, मध्य राखण्याचं काम आट्यांमागचं सपाट रजिस्टर करतं. म्हणून बॅकप्लेटचे आटे थोडे सैल कापा आणि रजिस्टरचा बोअर मापात, ०.०१ च्या मोकळीकीवर. आटे घट्ट आणि रजिस्टर सैल असेल तर चक दर वेळी वेगळा बसणारच.

आट्यांवरचा चक उलट फिरवून कट घेऊ नका, तो सुटून येतो. अडकला असेल तर बॅक गिअर लावून चकला झटके देऊ नका, बिडाच्या गिअरचा दाता तुटतो. चकमध्ये जाड षटकोनी बार पकडा, बेडवर लाकडी ठोकळा ठेवा, आदल्या रात्री आट्यांत भेदक तेल सोडा, स्पिंडल पट्ट्याने धरा आणि पान्याने एकसारखा जोर द्या.

कॅमलॉकवर, समजा डी१-४ वर, तीन पिनांचा चक तीन कॅमने ओढला जातो. कॅम घट्ट झाल्यावर त्याची खूण तीन आणि सहा वाजण्याच्या खुणांच्या मध्ये यायला हवी. सहाच्या पुढे गेली तर पिन जास्त बाहेर आहे, एक फेरा आत घ्या. तीनच्या आधीच घट्ट झाली तर पिन एक फेरा बाहेर काढा. नव्या चकवर या पिना जुळवाव्याच लागतात.

चकच्या आत

इथवर सगळं बरोबर असेल आणि आऊट तरीही भटकत असेल, तर चक उघडायचा. जॉ काढा, प्रत्येकावर १, २, ३ असतं, खाचांवरही असतं. काही चकवर जॉ आणि बॉडी दोन्हींवर एकच सिरियल नंबर कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर ते जॉ त्या चकचे नाहीत आणि मध्यात येणार नाहीत.

स्क्रोल, खाचा आणि जॉचे दाते रॉकेलने धुवा. स्क्रोलच्या वेढ्यावर नखाने चाचपा. एका जागी ठोकर लागली तर तिथे दबलेली बर आहे, ऑइल स्टोनने काढा. जोडताना पातळ मशीन ऑइल लावा. स्क्रोल ग्रीसने माखून देण्याची सवय वाईट: ग्रीस बिडाची भुकटी धरून ठेवतं आणि स्क्रोल घासत राहतं.

जॉ घालताना स्क्रोलच्या वेढ्याचं तोंड पहिल्या खाचेत येईपर्यंत चावी फिरवा, किंचित मागे घ्या, १ नंबर घाला, चावी फिरवून तोंड पुढच्या खाचेत आणा, २ घाला, मग ३. एक जॉ मागे राहिला तर तिघे मध्यात भेटणार नाहीत. हा आऊट मि.मी.त असतो, डोळ्यानेच दिसतो.

तीन पिनियनपैकी एकाने आवळल्यावर आऊट सगळ्यात कमी येतो. तिन्हींनी आवळून मोजा, त्या भोकाजवळ शून्य पंच करा आणि शेवटची आवळणी नेहमी तिथूनच करा. फुकटात ०.०२ पर्यंत फरक पडू शकतो.

जॉ फाकलेत का?

जुन्या चकमध्ये जॉ तोंडाशी फाकतात आणि रॉड फक्त मागच्या बाजूने धरला जातो. जॉब हादरतो, पार्टिंग करताना आवाज करतो, लांब जाताना आऊट वाढतो. तपासायला पतंगाच्या कागदाच्या सहा पट्ट्या घ्या: प्रत्येक जॉखाली एक पुढे, एक मागे. रॉड पकडून पट्ट्या ओढा. मागच्या घट्ट आणि पुढच्या सहज निघाल्या तर जॉ फाकलेले आहेत.

ग्राइंडिंग हा शेवटचा उपाय. जॉवर कामाचा दाब असताना ते ज्या स्थितीत येतात, त्या स्थितीत ग्राइंड करायचे, नाहीतर मेहनत वाया. जॉच्या अगदी मागच्या टोकाला ३ मि.मी. जाडीची चकती पकडा, म्हणजे जॉ खऱ्या दिशेने दाबलेले राहतील. टूलपोस्टवर डाय ग्राइंडर, छोटा दगड, चक ६० ते १०० आरपीएम, एका वेळी ०.०१. बेडवर ओलं कापड हवंच. पुढचा भाग तिन्ही जॉवर एकसारखा उजळला की थांबा. चकतीखालचा न घासलेला भाग आता उंच राहिलेला असतो. जॉ काढून तो बेंच ग्राइंडरवर उतरवून टाका, नाहीतर रॉड तिथेच टेकेल. हे सगळं एका व्यासाला बरोबर होतं. २० वर शून्याजवळ आणलेला चक ५० वर ०.०६ दाखवेल, कारण स्क्रोलची चूक व्यासागणिक बदलते.

एक गोष्ट आऊटसारखी दिसते पण आऊट नसते: पातळ भिंतीची बुशी. तीन जॉच्या दाबाखाली ती तिकोनी दबते, बोअर गोल निघतो, आणि सोडल्यावर बोअरच तिकोनी होतो. तिला चिरलेल्या रिंगमध्ये घालून पकडा आणि शेवटच्या कटाआधी आवळणी सैल करा.

पुन्हा पकडायचंच असेल

मग चार स्वतंत्र जॉचा चक घ्या. के७२ नावाने मिळतो. लोक त्याला उगाच घाबरतात. समोरासमोरच्या दोन जॉची एक जोडी धरा. डायलवर १ नंबरपाशी ०.४०, ३ नंबरपाशी ०.१०, फरक ०.३०, निम्मा ०.१५. ३ नंबर सैल करा, १ नंबर आवळून जॉब ०.१५ सरकवा. मग दुसरी जोडी. दोन चाव्या असतील तर दोन्ही हातांनी एकाच वेळी ढकलता येतं आणि सरावाने दोनेक मिनिटांत ०.०१ मध्ये येतं. घरी एकच चक घ्यायचा असेल आणि काम दुरुस्तीचं असेल, तर तीन जॉच्या आधी हा घ्यावा.

मिलिंग मशीनवर चकची गोष्ट वेगळी. रोटरी टेबलवरच्या तीन जॉच्या चकला वरचे सगळे नियम लागू. पण ड्रिल चकमध्ये एंड मिल पकडू नका: बाजूच्या दाबाने जॉची पकड सुटते, टेपर हादऱ्याने निसटतो आणि चक फिरता-फिरता जॉबवर पडतो. एंड मिलला ईआर कोलेट (टूल चहूबाजूंनी पकडणारी चिरलेली बुशी) लावा आणि तिच्या होल्डरचा शँक ड्रॉबारने ओढून धरा. ईआर२० मध्ये १३ पर्यंत, ईआर२५ मध्ये १६ पर्यंत, ईआर३२ मध्ये २० मि.मी.पर्यंत टूल बसतं. कोलेट आधी नटमध्ये तिरकी धरून टिचकन बसवायची, मग नट होल्डरवर चढवायचा. सुटी कोलेट टेपरमध्ये टाकून वरून नट आवळला की ती वाकडी दबते, आऊट येतो आणि काढताना अडकते.

चक विकत घेताना खिशात गजन पिन असू द्या. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत काउंटरवरच ती पकडून उजेडासमोर धरा: जॉखाली पुढून फट दिसू नये. स्क्रोल पूर्ण उघडून-मिटून पाहा, चावी सगळीकडे सारख्याच जोराने फिरायला हवी. मिटलेल्या जॉची टोकं एकाच वेळी भेटायला हवीत. जॉचे दोन्ही संच, आतून आणि बाहेरून पकडायचे, त्याच सिरियल नंबरचे आहेत का ते बघा. मोठा चक मोहात पाडतो, पण सात इंची लेथवर १२५ चा चक घालू नका: तो ८० च्या दुपटीहून जड असतो, स्पिंडलच्या बेअरिंगवर भार येतो आणि जॉ बाहेर आले की बेडला घासायची भीती. जॉ बॉडीबाहेर एक तृतीयांशाहून जास्त काढून कधीच चालवू नका, स्क्रोलचे दाते त्या वेळी फार थोडे धरलेले असतात.